स्क्रू किती आवळायचा? जबड्याचे ऑपरेशन आणि शिकाऊ हात



मागच्या महिन्यात विहारात आरोग्याची बैठक होती. विषय रक्तदाबाचा. बैठक संपली, सतरंज्या गुंडाळायला घेतल्या, तेव्हा मागे बसलेली एक आई पुढे आली. तिचा मुलगा तीन आठवड्यांपूर्वी मोटारसायकलवरून पडला होता. डोक्याला हेल्मेट नव्हते. खालचा जबडा दोन ठिकाणी मोडला. सरकारी रुग्णालयात ऑपरेशन झाले, आत प्लेट आणि स्क्रू बसवले. आता गालाला पुन्हा थोडी सूज दिसत होती. आई दबक्या आवाजात म्हणाली, "सिस्टर, मोठ्या डॉक्टरांनी नाही केलं. शिकाऊ पोरगा होता. गरिबाच्या लेकरावर हे हात बसवून घेतात का हो?"

हा प्रश्न आम्ही नोकरीत असताना ऐकला, नोकरी सोडून वस्तीत काम करू लागल्यावर तर जास्तच ऐकला. त्याला दोन सोपी उत्तरे आहेत. एक, "हो, गरिबाला कोण विचारतो!" दुसरे, "डॉक्टरांवर विश्वास ठेवा, जास्त प्रश्न विचारू नका." ही दोन्ही उत्तरे आम्हाला पटत नाहीत. पहिल्याने माणूस घाबरून उपचार सोडतो, दुसऱ्याने डोळे मिटून घेतो. खरे उत्तर समजायला आधी एक लहानशी वस्तू समजून घ्यावी लागते. ती म्हणजे जबड्यातला स्क्रू, आणि तो आवळणारा हात.

जबड्यात स्क्रू कशासाठी?

मोडलेले हाड जुळायला ते हलता कामा नये. हाताला प्लास्टर घालता येते, जबड्याला कसे घालणार? म्हणून पूर्वी वरचे आणि खालचे दात तारेने एकमेकांना बांधून टाकत. चार ते सहा आठवडे तोंड बंद. पातळ पदार्थ नळीने किंवा दातांच्या फटीतून प्यायचे. काही रुग्णांना ही तार आजही बांधावी लागते.

मग लहान धातूच्या पट्ट्या आल्या. फ्रान्समध्ये मिशेले यांनी १९७३ साली अशा छोट्या प्लेटांचा अनुभव मांडला, आणि शाम्पी यांनी १९७८ साली जबड्यावर जोर कुठे कसा पडतो याचा अभ्यास करून प्लेट कोणत्या रेषेवर बसवावी हे दाखवून दिले. आज जगभर हीच पद्धत वापरतात. प्लेट बहुधा टायटॅनियमची असते. हा धातू शरीरात गंजत नाही, चुंबकाला चिकटत नाही, आणि त्रास नसेल तर आयुष्यभर आत राहू शकतो. लहान मुलांचे हाड वाढत असते, म्हणून त्यांच्या बाबतीत प्लेट पुढे काढायची का याचा डॉक्टर वेगळा विचार करतात.

खालच्या जबड्यासाठी साधारण २ मिलीमीटर जाडीचा स्क्रू वापरतात. लांबी बहुतेक वेळा ६ ते ८ मिलीमीटर, म्हणजे तुरीच्या दाण्यापेक्षा थोडा लांब. गालाच्या आणि वरच्या जबड्याच्या नाजूक हाडांसाठी त्याहूनही बारीक. मोडलेल्या रेघेच्या दोन्ही बाजूंना निदान दोन-दोन स्क्रू हवेत. म्हणजे एका साध्या प्लेटला चार. एवढ्याशा चार स्क्रूंवर जबडा सांभाळला जातो.

आवळणे म्हणजे नेमके काय?

घरात भिंतीला फळी ठोकायची असते. भिंतीत भोक पाडतो, प्लास्टिकची गिट्टी बसवतो, स्क्रू फिरवतो. सैल ठेवला तर फळी डुगडुगते. जास्त पिळला तर एका क्षणी हात एकदम हलका होतो आणि स्क्रू नुसता गरगर फिरतो. आपण म्हणतो, "गेले आटे." आता कितीही पिळा, पकड येत नाही.

जबड्यात हेच घडते, फक्त भिंतीच्या जागी जिवंत हाड असते. स्क्रू फिरतो तसा तो प्लेटला हाडावर दाबत जातो. हा दाबच प्लेटला जागेवर धरून ठेवतो. दाब कमी पडला तर बोलताना, गिळताना, चावताना प्लेट कणाकणाने हलते. हलणाऱ्या जागी हाड नीट जुळत नाही आणि जंतूंना वाव मिळतो. दाब जास्त झाला तर हाडात कोरले गेलेले आटे तुटतात. कधी स्क्रूचे डोकेच मोडते. कधी वरून सगळे ठीक दिसते, पण आत हाडाला बारीक इजा झालेली असते, तिथले हाड हळूहळू झिजते आणि स्क्रू काही आठवड्यांनी सैल होतो.

हाडही सगळीकडे सारखे नसते. खालच्या जबड्याचे बाहेरचे कवच टणक असते. वरच्या जबड्याची पुढची भिंत काही ठिकाणी अंड्याच्या टरफलासारखी पातळ असते. म्हणून सर्जन तिथे नाकाच्या बाजूचा आणि गालाच्या हाडाखालचा जाड खांबासारखा भाग शोधून स्क्रू बसवतात. तरण्या माणसाचे हाड वेगळे, दात गेलेल्या आजीचे वेगळे. एकाच माणसाच्या एकाच जबड्यात दोन बोटे अंतरावर हाड बदलते.

स्क्रूच्या आधी ड्रिलने भोक पाडतात. ड्रिल फिरताना उष्णता होते. हाड ४७ अंशांच्या वर मिनिटभर तापले तर तिथल्या हाडाला इजा होते असे प्रयोगांत दिसले आहे. म्हणून भोक पाडताना त्यावर सतत सलाइनचे पाणी सोडतात. आम्ही थिएटरमध्ये असताना हे पाणी सोडण्याचे काम कित्येक तास केले आहे. ड्रिल धरणारा हात डगमगला तरी भोक रुंद होते, मग स्क्रू कितीही चांगला असला तरी पकड कमीच. म्हणजे आवळण्याची गोष्ट आवळण्याच्या आधीच सुरू होते.

हाताला आकडा लावला तेव्हा

गॅरेजमध्ये काम करणाऱ्या आपल्या मुलांना टॉर्क पाना माहीत असतो. ठरलेला जोर झाला की तो टक् आवाज करतो. जबड्याच्या ऑपरेशनमध्ये मात्र बहुतेक ठिकाणी साधा स्क्रू ड्रायव्हर असतो. किती आवळायचे? पिढ्यान् पिढ्या एकच शिकवण: "बोटांनी घट्ट लागेल इतके." वरिष्ठ सांगतात, कनिष्ठ मान डोलावतो. पण वरिष्ठांच्या बोटांना काय जाणवते ते कनिष्ठाच्या बोटांना कसे कळणार?

संशोधकांनी मग हातालाच आकडा लावला. स्क्रू ड्रायव्हरला जोर मोजणारे यंत्र जोडले, हाडासारखा नमुना पुढे ठेवला आणि डॉक्टरांना सांगितले, रुग्णावर आवळता तसेच आवळा. एकाच माणसाला अनेक स्क्रू आवळायला लावले. अशा चाचणीत दोन वेगवेगळ्या गोष्टी तपासतात. पहिली, एकाच हाताचे सगळे स्क्रू सारखे आवळले जातात का? दुसरी, या हाताचा आणि त्या हाताचा जोर जुळतो का?

स्वयंपाकघरातले उदाहरण घेऊ. सासूबाई भाजीत मीठ नेहमी थोडे जास्त टाकतात, पण रोज तेवढेच. सुनेचा हात कधी कमी, कधी जास्त. सासूबाईंचा हात एकसारखा आहे, पण तो बरोबरच आहे असे नाही. सुनेचा हात कधी कधी अगदी बरोबर येतो, पण त्यावर भरवसा ठेवता येत नाही. ऑपरेशनमध्ये हात एकसारखाही हवा आणि बरोबरही हवा.

अशा मोजणीत दिसते ते डॉक्टरांनाही विचार करायला लावणारे आहे. हातापायाच्या हाडांच्या स्क्रूंवर झालेल्या अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात सर्जनांनी स्क्रू सरासरी, आटे तुटण्याच्या मर्यादेच्या ७८ टक्क्यांपर्यंत आवळले होते. ही सरासरी चांगलीच म्हणायची, कारण साधारण ७० ते ८० टक्क्यांच्या पुढे पिळून पकड फारशी वाढत नाही, धोका मात्र वाढतो. पण सरासरी हा फसवा आकडा असतो. त्याच प्रयोगांत सरासरी २६ टक्के, म्हणजे चारातल्या एका स्क्रूचे आटे गेले होते. हे आकडे बहुतेक प्रयोगशाळेतल्या हाडांवरचे आहेत, जबड्याच्या ऑपरेशनला ते जसेच्या तसे लावू नयेत. पण हाताचा स्वभाव त्यातून कळतो.

दोन गोष्टी आम्हाला महत्त्वाच्या वाटतात. पहिली, आटे गेले की आवळणाऱ्याला ते नेहमीच कळते असे नाही. गिट्टीतला स्क्रू गरगर फिरतो, मऊ हाडातला स्क्रू कधी कधी पकड सुटूनही घट्ट असल्यासारखा वाटतो. दुसरी, केस पांढरे झाले म्हणजे हात हमखास एकसारखा होतो असे नाही. अनुभवाने निर्णय सुधारतो, संकटात काय करायचे ते कळते. पण बोटांचा जोर कोणी मोजूनच दाखवला नाही, तर वीस वर्षांची सवय ही वीस वर्षांची चूकही असू शकते. म्हणून "मोठ्या डॉक्टरांनी केले म्हणजे बरोबर, शिकाऊने केले म्हणजे बिघडले" हा हिशेब इतका सरळ नाही.

एकाच हाताचा जोरही दिवसभर सारखा राहत नाही. सकाळची पहिली केस आणि संध्याकाळची चौथी. कोरडा हातमोजा आणि रक्ताने निसरडा झालेला. समोरच्या दातांखालचा स्क्रू सरळ हाताने बसतो. जबड्याच्या मागच्या कोनातला स्क्रू गाल बाजूला ओढून, तिरप्या मनगटाने बसवावा लागतो. स्क्रू ड्रायव्हरची मूठ जाड असेल तर तेवढ्याच बोटांच्या दाबाने जोर जास्त लागतो.

मग यंत्रानेच का आवळत नाहीत?

हा प्रश्न रास्त आहे. दंतवैद्य कृत्रिम दाताचा वरचा भाग खालच्या धातूवर बसवतात तेव्हा आकडे असलेला पाना वापरतात. तिथला जोर साधारण ३० ते ३५ न्यूटन-सेंटीमीटर असतो. समजायला सोपे करायचे तर, फिरत्या दांड्याच्या मध्यापासून एक सेंटीमीटरवर साडेतीन किलोचे वजन टांगल्यावर जेवढा पीळ बसेल तेवढा. पण तिथे धातू धातूला मिळतो आणि धातूची मर्यादा ठरलेली असते. हाडाची मर्यादा माणसागणिक आणि जागेगणिक बदलते. एकाला योग्य असलेला आकडा दुसऱ्याच्या हाडाचे आटे तोडेल.

म्हणून यंत्र पूर्ण उत्तर देत नाही, पण शिकवताना त्याचा मोठा उपयोग होतो. शिकणाऱ्याने नमुन्याच्या हाडावर स्क्रू आवळायचा, पडद्यावर लगेच आकडा दिसायचा, मुद्दाम आटे तुटेपर्यंत पिळून तो क्षण कसा येतो ते बोटांना शिकवायचे. हाताला त्याची चूक लगेच दाखवली तर हात सुधारतो. ढोलकीवर बसणाऱ्या मुलाला आपण हेच करतो. ताल चुकला की तिथेच थांबवतो, कार्यक्रमाच्या दिवशी नव्हे.

प्लेटमध्येच आटे असलेले, प्लेटला अडकून बसणारे स्क्रूही आता मिळतात. त्यांत प्लेट हाडावर दाबण्याची गरज कमी असते. पण ते सगळीकडे आणि सगळ्यांना लागतातच असे नाही.

आमच्या डोळ्यांसमोरचा एक स्क्रू

ही गोष्ट आमच्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली. दिवसातली शेवटची केस होती. जबड्याच्या कोनाजवळ प्लेट बसत होती. मोठे सर तीन स्क्रू होईपर्यंत उभे होते, मग शेजारच्या टेबलावरून बोलावणे आले आणि ते गेले. चौथा स्क्रू निवासी डॉक्टर आवळत होता. स्क्रू बसला. त्याने आणखी अर्धा फेरा दिला. त्याचे मनगट एकदम हलके झालेले आम्हाला समोरून दिसले. त्यालाही कळले. त्याने मान वर करून आमच्याकडे पाहिले.

अशा वेळी काय करायचे ते ठरलेले असते. त्याच भोकात थोडा जाड स्क्रू घालायचा. २ मिलीमीटरचा गेला तर २.३ चा. तो जाड स्क्रू आमच्या ट्रेमध्ये समोर होता. त्याने मागितला नाही. आम्ही पुढे केला नाही. त्याने टाके घालायला घेतले.

पाच आठवड्यांनी तो रुग्ण सूज आणि पू घेऊन परत आला. पुन्हा उघडले तेव्हा तो स्क्रू बोटाने हलत होता. तो माणूस तंबाखू खायचा, तपासणीला एकदाच आला होता, त्यामुळे सगळे त्या एका स्क्रूमुळेच झाले असे आम्ही शपथेवर सांगणार नाही. पण जाड स्क्रू घालायला दोन मिनिटे लागली असती. त्या दोन मिनिटांसाठी आम्ही दोघेही बोललो नाही. त्याला भीती की सगळ्यांसमोर ओरडा बसेल. आम्हाला वाटले, नर्सने डॉक्टरला कसे सांगायचे? टेबलावर झोपलेल्या माणसाला तर कोणी विचारलेच नव्हते.

त्यानंतर आम्ही थिएटरमध्ये मोठ्याने बोलायला शिकलो. "सर, स्क्रू फिरतोय." सुरुवातीला काही जणांनी डोळे वटारले. नंतर काही जण स्वतःहून विचारू लागले, "सिस्टर, बघा, पकड आहे ना?"

शिकाऊ हाताला नाही म्हणायचे का?

आम्ही म्हणतो, नाही. प्रत्येक सर्जन कधीतरी शिकाऊ होता. खाजगी दवाखान्यात हजारो रुपये घेणारे हातही बहुतेक अशाच एखाद्या वॉर्डात, आपल्यासारख्याच माणसांवर काम करून तयार झालेले असतात. जबड्याच्या सर्जनचे पदव्युत्तर शिक्षण तीन वर्षांचे असते आणि ते टेबलाजवळ उभे राहूनच होते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत अशी ऑपरेशने होतात, हे आपल्यापैकी अनेकांना माहीतही नसते. जबडा मोडला तर दंत महाविद्यालयातही जायचे असते. आज आपल्या वस्तीतली मुले-मुलीही तिथे निवासी डॉक्टर म्हणून उभी आहेत. त्यांनाही हात लावूनच शिकायचे आहे.

पण शिकणे आणि प्रयोग करणे यांत फरक आहे. तो फरक तीन गोष्टींनी पडतो. माणसावर हात ठेवण्याआधी नमुन्यावर सराव झालेला असावा. टेबलाजवळ वरिष्ठ शेवटचा स्क्रू बसेपर्यंत असावेत. आणि स्क्रूची पकड सुटली तर ते लपवायचे नाही, बोलायचे आणि तिथल्या तिथे दुरुस्त करायचे. आटे जाणे ही कधीही कोणाच्याही हातून होणारी गोष्ट आहे. ती लपवणे हा दोष आहे.

काय विचारायचे?

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली रुग्णहक्कांची सनद तयार केली. माहिती मिळणे, समजून-उमजून संमती देणे, आपल्या कागदपत्रांच्या प्रती मिळणे, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे हे हक्क त्यात आहेत. संमतीच्या कागदावर अंगठा किंवा सही करण्याआधी शांतपणे, हात न जोडता आणि आवाज न चढवता हे विचारा:

१. ऑपरेशन कोण करणार? देखरेखीला वरिष्ठ कोण असतील आणि ते शेवटपर्यंत थांबतील का?

२. किती ठिकाणी प्लेट आणि किती स्क्रू लागतील?

३. ओठ-हनुवटीची नस आणि दातांची मुळे जवळ आहेत का? नंतर बधिरपणा राहू शकतो का?

ऑपरेशननंतर हे विचारा:

४. एखाद्या स्क्रूची पकड सुटली होती का? सुटली असेल तर काय केले?

५. प्लेट आणि स्क्रूंची संख्या व माप डिस्चार्ज कार्डावर लिहून द्याल का?

६. नंतरचा एक्स-रे कधी? तपासणीला कोणत्या वारी आणि कोणत्या खोलीत यायचे?

७. काय खायचे आणि किती दिवस, ते मराठीत लिहून द्या.

खर्चाची चिंता असेल तर रुग्णालयात बसणाऱ्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भरती होतानाच भेटा. आपले ऑपरेशन योजनेत बसते का आणि कोणते कागद लागतात ते त्यांच्याकडून समजून घ्या.

पुढचे सहा आठवडे आपल्या हातात

सर्जनने स्क्रू अगदी बरोबर आवळला तरी तो हाड जुळेपर्यंतच भार झेलणार आहे. हाड जुळायला साधारण सहा आठवडे लागतात. आठ-दहा दिवसांत दुखणे थांबते, सूज उतरते आणि माणसाला वाटते, झालो बरा. मग भाकरी, चणे, मटणाचे हाड. लहानशा स्क्रूवर चावण्याचा सगळा जोर येतो.

डॉक्टर सांगतील तोपर्यंत चावायचे नाही. नाचणीची आंबील, तांदळाची पेज, घोटलेले वरण, खिमट, गाळलेला मटणाचा किंवा भाजीचा रस्सा, कुस्करलेले केळे, मऊ शिजवून चुरलेले अंडे, ताक, दूध. ताकद टिकायला डाळ, अंडी, दूध रोज हवे. नुसत्या चहा-बिस्किटावर हाड भरत नाही.

खाल्ल्यावर प्रत्येक वेळी कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरा. डॉक्टरांनी दिलेले औषधी पाणी सांगितल्याप्रमाणेच वापरा. मऊ ब्रशने दात हळू घासा.

तंबाखू, मिश्री, विडी, सिगारेट, दारू पूर्ण बंद. तंबाखू-चुन्याची गोळी नेमकी त्याच खाचेत ठेवली जाते जिथे आत टाके आणि प्लेट असतात. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवा, नाहीतर जखम चिघळते.

दात तारेने बांधले असतील तर तार कापायची कात्री किंवा पक्कड घरात सगळ्यांना माहीत असलेल्या जागी ठेवा. ती कशी कापायची ते घरी जाण्याआधी वॉर्डातल्या सिस्टरकडून शिकून घ्या. उलटी होऊन श्वास कोंडला तर तेव्हा शोधाशोध करायला वेळ नसतो. अशा वेळी १०८ ला लगेच फोन करा.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

कमी झालेले दुखणे पुन्हा वाढले. सूज उतरून परत आली. तोंडात घाण चव किंवा पू आला. हिरडीतून धातू दिसू लागला किंवा जिभेला लागू लागला. चावताना आत काहीतरी हलल्यासारखे किंवा कटकन वाजल्यासारखे वाटले. दात आधी जुळत होते, आता जुळेनात. बधिरपणा वाढला. ताप आला.

यातले काहीही झाले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, कार्ड घेऊन त्याच दिवशी जा. स्वतःच्या मनाने मेडिकलमधून गोळ्या आणू नका. वेळेवर गेलात तर सैल झालेला एखादा स्क्रू काढून किंवा बदलून काम भागते. उशीर केला तर पुन्हा मोठे ऑपरेशन होते.

त्या आईचे पुढे काय झाले

दुसऱ्या दिवशी आम्ही मायलेकांबरोबर ओपीडीत गेलो. योगायोगाने तोच "शिकाऊ पोरगा" बसला होता. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा असेल. त्याने तोंड तपासले, एक्स-रे काढला, मग वरिष्ठ मॅडमना बोलावले. आईला आम्ही चौथा प्रश्न शिकवून ठेवला होता. तिने पदर सावरत विचारला, "डॉक्टर, ऑपरेशनमध्ये स्क्रूची पकड कुठे सुटली होती का?"

तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, "हो मावशी, एका स्क्रूची सुटली होती. मॅडम शेजारीच होत्या. आम्ही तिथे लगेच जाड स्क्रू घातला. नोंद केली आहे, हे बघा." त्याने कागद पुढे केला. एक्स-रेमध्ये तो स्क्रू जागेवर होता. सूज दुसऱ्या बाजूला होती. आणि मग मुलाने खाली मान घालून कबूल केले, बाराव्या दिवसापासून भाकरी सुरू आहे, आणि अधूनमधून तंबाखूही.

जखम धुतली, औषधे बदलली, दर आठवड्याला बोलावले. आता सूज गेली आहे, दात जुळतात. बाहेर पडताना आई म्हणाली, "त्यानं लपवलं नाही बघा." तिचा राग कुठे गेला ते तिलाही कळले नाही. मुलाकडे वळून मात्र तिने पुढची दहा मिनिटे जो पाढा वाचला, तो इथे छापण्यासारखा नाही.

हे पान कापून घरात ठेवा. जबडा मोडलेला कोणी वस्तीत असेल तर त्याला वाचून दाखवा. विशेषतः ते सात प्रश्न.